बोटभर वंगण

दिवाळी जवळ आली की घरोघरी लोणी, तूप आणि तेल यांच्याच गोष्टी सुरू होतात. चिरोट्याच्या साट्याला तूप किती फेसावे, चकलीला मोहन किती घालावे, यावर आम्ही बायका तास तास बोलू शकतो आणि त्यात काही वावगे आहे असे कुणालाच वाटत नाही. मात्र यंदा गणपतीपासून आमच्या घरी ज्या स्निग्ध पदार्थावरून वाद पेटला होता, तो पोटात जाणारा नव्हता. नातवाच्या सायकलच्या पुढच्या चिमट्यातल्या सीलला कोणते ग्रीस लावावे, एवढाच तो प्रश्न. पण सायकल घरात राहायची की विकली जायची हे त्यावर ठरणार होते, आणि एकोणीस वर्षांचा एक मुलगा आठवडाभर जेवताना कुणाशी बोलत नव्हता. म्हणून मला काही तो प्रश्न लहान वाटला नाही.

आजीबाईंचा आणि ग्रीसचा संबंध काय, असे तुम्ही विचाराल. आमच्या सोसायटीतले लोकही विचारतात. मुंबईला एका तेल कंपनीच्या प्रयोगशाळेत मी तीस वर्षे नोकरी केली. रसायनशास्त्राची पदवी घेऊन गेले आणि मुख्यतः एकच काम करीत राहिले : ग्रीसच्या भांड्यात शंकू सोडणे. ग्रीस आधी भोकाभोकांच्या चकतीने साठ वेळा वरखाली घुसळायचे, ते २५ अंश सेल्सिअसवर आहे ना हे पाहायचे, वरून सपाट करायचे, आणि मग दांडीसकट १५० ग्रॅम वजनाचा धातूचा शंकू बरोबर पाच सेकंद त्यात सोडायचा. तो किती खोल गेला हे मिलिमीटरच्या दहाव्या भागांत मोजायचे. २६५ ते २९५ आले तर ग्रीस २ नंबरचे, २२० ते २५० आले तर ३ नंबरचे, ३१० ते ३४० आले तर १ नंबरचे. हे नंबर अमेरिकेतल्या नॅशनल लुब्रिकेटिंग ग्रीस इन्स्टिट्यूट या संस्थेचे. ती १९३३ साली निघाली आणि तिचे नंबर आज जगभर चालतात. ३ नंबर म्हणजे घट्ट बांधलेला चक्का, २ म्हणजे श्रीखंड, १ म्हणजे जरा सैल श्रीखंड, आणि ० म्हणजे ऐन वेळी पाहुणे वाढले म्हणून दूध घालून पुरवलेले श्रीखंड. ही उपमा त्या संस्थेची नव्हे, माझी.

तीस वर्षांत घरातल्या कुणीही मला ग्रीसबद्दल एक प्रश्न विचारला नव्हता. आमचे हे तर कुणी विचारले की "तेल कंपनीत आहे ती" एवढे सांगून मोकळे होत, आणि समोरचा माणूस खोबरेल तेल समजून गप्प बसे. तेव्हा यंदा नातू माझ्या खोलीच्या दाराशी येऊन, "आजी, ग्रीसमधलं तुला खरंच कळतं का गं?" असे म्हणाला, तेव्हा मला पेन्शन मिळाल्यापेक्षा जास्त आनंद झाला, हे मी लपवीत नाही.

आता त्या सायकलविषयी. ती डोंगरात चालवायची सायकल. रुंद, खाचांचे टायर, चकतीचे ब्रेक आणि पुढे शॉकअपचा चिमटा. मोटरसायकलला असतो तसाच, पण वजनाने फार हलका. नातवाने ती दोन मुलांच्या गणिताच्या शिकवण्या करून जमवलेल्या पैशांतून जुन्या बाजारात घेतली. घेताना मला म्हणाला होता की या सायकलच्या निम्म्या किमतीचा तर हा चिमटाच आहे. पहाटे उठून तो वेताळ टेकडीवर जातो आणि तिथल्या दगडधोंड्यांच्या पायवाटांनी खाली येतो. आमच्या वेळी पुण्यात सायकलवरून कॉलेजात जात, टेकडीवर पायी जात. आता कॉलेजात मोटरसायकलने जातात आणि टेकडीवर सायकलने. असो.

पावसाळ्यात या मुलाने चिखलातून भरपूर भटकंती केली. श्रावणात चिमटा करकरू लागला म्हणून त्याने सायकल एका दुकानात दिली. दुकान कुठले हे सांगण्याचे कारण नाही. माणूस कष्टाळू आहे आणि साध्या सायकली फार चांगल्या करतो. त्याने चिमटा उघडला, पुसला, चाकाच्या बेअरिंगला घालतात ते लालभडक घट्ट ग्रीस सढळ हाताने भरले आणि बंद केला. करकर थांबली. पण त्यानंतर चिमटा लहान खड्यांवर हलेचना. मोठा दगड आला की एकदम धाडकन बसायचा. दुसऱ्या आठवड्यात नातू उतारावर पडला आणि त्याचे उजवे मनगट मुरगळले. पडण्याचा सगळा दोष ग्रीसवर ढकलणे न्यायाचे होणार नाही. वाट ओली होती आणि वय एकोणीस होते. पण हाताला मुंग्या येतात, हॅन्डल ठोकर मारते, असे तो पडण्याआधीपासून सांगत होता.

"हे खूळ आता पुरे झालं," माझा मुलगा म्हणाला. "सायकल विकून टाकू." सूनबाईंनी नुसती मान हलवली. ती मान मला मुलाच्या आवाजापेक्षा जड वाटली, कारण रात्री मनगटाला शेक तीच देत होती.

नातू रागावला, पण त्या रागातही त्याने मला एक गोष्ट सांगितली, आणि ती इतकी मजेदार आहे की इथे सांगितल्यावाचून राहवत नाही. डोंगरी सायकलच्या या सगळ्या प्रकाराची सुरुवातच मुळी ग्रीसपाशी आहे. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला मॅरिन परगण्यात काही तरुण पोरे जुन्या, जाड टायरांच्या सायकली घेऊन डोंगरावरून खाली सुटत. १९७६ च्या ऑक्टोबरात त्यांनी तिथे पहिली शर्यत लावली. दोन मैलांच्या आसपास वाट आणि तेवढ्यात सुमारे १३०० फूट उतार! त्या सायकलींना पॅडल उलटे मारले की मागच्या चाकाच्या हबमध्ये लागणारा ब्रेक असे. तळाशी येईपर्यंत तो हब इतका तापायचा की आतले ग्रीस जळून त्याचा धूर निघायचा. मग दर फेरीनंतर हब उघडून नवे ग्रीस भरायचे. भरण्याला ते 'रीपॅक' म्हणत, म्हणून शर्यतीचे आणि त्या वाटेचे नावच रीपॅक पडले. शॉकअपचे चिमटे पुढे बऱ्याच वर्षांनी आले. रॉकशॉक्स कंपनी १९८९ सालची. १९९० साली कोलोरॅडोतल्या डुरँगो गावी या सायकलींची पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा झाली. तिच्यात लांब पल्ल्याची शर्यत नेड ओव्हरेंडने आणि उताराची ग्रेग हर्बोल्डने जिंकली, आणि दोघांच्याही सायकलींना त्या कंपनीचे चिमटे होते.

"म्हणजे बघ आजी," नातू म्हणाला, "ग्रीसवाचून आमचं काहीच नाही."

"आमचंही नव्हतं," मी म्हणाले. "आण तो चिमटा इकडे."

रविवारी दुपारी बाल्कनीत वर्तमानपत्रे पसरून आम्ही दोघांनी तो उघडला. मुलगा दार लावून झोपला होता. चिमट्याची रचना सांगते, म्हणजे पुढचे समजेल. वर ॲल्युमिनियमच्या दोन गुळगुळीत नळ्या. खाली मॅग्नेशियमचे दोन पोकळ पाय, ज्यांत चाक बसते. नळ्या पायांत सरकतात. पायांच्या तोंडाशी रबराचे एकेक सील, त्याच्या खाली तेल पिऊन बसलेले स्पंजचे कडे, आणि त्याच्याही खाली नळीला आधार देणारी बुशे. पायांच्या तळाशी थोडेसे तेल असते, चिमटा वरखाली झाला की ते उसळून स्पंजला भिजवते आणि स्पंज नळीला पुसट तेल लावीत राहतो.

त्या सीलची मला दयाच येते. त्याला दोन कामे दिलेली आहेत आणि ती एकमेकांच्या विरुद्ध आहेत. बाहेरची धूळ, मुरूम, चिखल आत येऊ द्यायचा नाही, म्हणून नळीला घट्ट मिठी मारायची. आणि नळी सरकताना तिला अडवायचेही नाही, म्हणून मिठी सैल ठेवायची. कुकरच्या रिंगेचे बरे असते. तिने एकदा झाकणाशी घट्ट बसायचे आणि वाफ धरायची, हलायचे नाही. हे सील म्हणजे चालत्या कुकरची रिंग. एकत्र कुटुंबातल्या थोरल्या सुनेसारखी त्याची स्थिती. तिला मदत करायची ती ग्रीसने, आणि म्हणून ते निवडताना सील धरून ठेवील असे नव्हे, तर नळीला सोडील असे पाहायचे.

थांबलेली वस्तू हलवायला जितका जोर लागतो, तितका ती हलू लागल्यावर लागत नाही. कपाट सरकवताना हे आपण सगळ्यांनी अनुभवले आहे. ग्रीस घट्ट असले की हा पहिला जोर वाढतो. सुपारीएवढा खडा चाकाखाली आला तर त्याचा धक्का या पहिल्या जोरापेक्षा कमी पडतो, नळी जागची हलत नाही आणि सगळा धक्का सरळ मनगटात जातो. मोठा दगड आला की नळी एकदम सुटते. नातवाची तक्रार अक्षरशः हीच होती. शिवाय आत पाहिले तर ते लाल ग्रीस स्पंजच्या कड्यात गच्च बसलेले. स्पंजला तेल प्यायला जागाच उरली नव्हती. म्हणजे वर ग्रीसचे थर आणि सीलची ओठाळी मात्र कोरडी. भरल्या घरात उपाशी राहावे तसे.

बेअरिंगचे ग्रीस वाईट नव्हे, हे मला आवर्जून सांगायचे आहे. ते ज्या कामासाठी केले आहे तिथे उत्तम आहे. त्याने चाकात जागच्या जागी राहायचे, गोळ्यांच्या दाबाखाली चिरडून जायचे नाही, उष्णतेने वाहायचे नाही. ग्रीस म्हणजे तरी काय? बहुतांशी तेल, आणि ते धरून ठेवणारा साबण. हा साबण आंघोळीचा नव्हे. लिथियमचा, कॅल्शियमचा असा निरनिराळ्या धातूंचा असतो. त्याच्या तंतूंच्या जाळीत तेल अडकून राहते आणि दाब आला की थोडे थोडे झिरपते. लिथियमच्या ग्रीसचे पेटंट क्लॅरेन्स अर्ल याने १९४२ मध्ये घेतले आणि आज आपल्या कोपऱ्यावरच्या गॅरेजात जो डबा असतो, तो बहुधा त्याच कुळातला. सीलला हवे असते ते याहून मऊ, तेल चटकन सोडणारे आणि खालच्या तेलात मिसळले तरी भांडण न काढणारे. आमच्या नंबरांत सांगायचे तर १ किंवा २ च्या सैल बाजूचे.

सूनबाई चहा घेऊन आली आणि म्हणाली, "आई, व्हॅसलिन नाही का चालणार? मऊच असतं की." प्रश्न अगदी योग्य होता. व्हॅसलिनचे पेटंट १८७२ सालचे आहे आणि तेव्हापासून ते जगातल्या प्रत्येक कुरकुरणाऱ्या वस्तूला लावून झाले आहे. या सीलच्या रबराला ते अपायही करीत नाही. पण त्यात तेल धरून ठेवणारी ती साबणाची जाळी नसते. चैत्रातल्या उन्हात सायकल उभी राहिली की ते पातळ होऊन निघून जाणार. काळे, ग्रॅफाइटचे ग्रीस मी पाहताच बाजूला केले. गुळगुळीत नळीवर घन कणांचे काम काय? सिलिकोनचे ग्रीस या रबराला चालते, पण धातू धातूवर घासतो तिथे त्याचा टेकू फारसा नसतो, आणि आत बुशांवर नळीच घासत असते.

रबराचे मात्र नीट समजावून सांगावे लागले, कारण घरात सगळ्यांची समजूत अशी की रबर ते रबर. या चिमट्यातली सीले नायट्राइल नावाच्या रबराची. ते खनिज तेलाला भीत नाही. पण मोटारीच्या ब्रेकमध्ये असते ते रबर वेगळे. त्याला ब्रेकचे पाणीदार द्रव चालते, खनिज तेल मुळीच चालत नाही. प्रयोगशाळेत आम्ही रबराचा तुकडा गरम तेलात ठेवून तो किती फुगतो हे मोजत असू. मी घरच्या घरी तेच केले. कोपऱ्यावरच्या गॅरेजातून ब्रेकची एक जुनी रबरी वाटी आणली, चिमट्याच्या जुन्या सीलचा तुकडा कापला, आणि दोन्ही दोन काचेच्या बरण्यांत खनिज तेलात बुडवून आठ दिवस गच्चीत उन्हात ठेवले. सीलचा तुकडा जसाच्या तसा. ब्रेकची वाटी फुगून भज्यासारखी झाली. ती मी जेवणाच्या टेबलावर ठेवली. मुलाने घास थांबवून विचारले, "हे काय?"

"हेच जर ब्रेकमध्ये झालं असतं तर?" मी म्हणाले. "विकायची भाषा तू करतोस. ज्याला विकशील त्याच्याही घरी आई असेल. विकायची तरी आधी नीट करूनच विकायला हवी."

यावर तो काही बोलला नाही. पण त्या रात्री त्याने आपणहून मला विचारले की चिमट्यातले तेल गळले तर काय होते. मी खरे तेच सांगितले. सील बिघडले तर तेल पायावरून ओघळते. ब्रेकची चकती डाव्या पायापाशीच असते. तिच्या पॅडांना तेल लागले की उतारावर ब्रेक दाबूनही सायकल थांबत नाही. आणि चिखल आत गेला तर नळीवर ओरखडे पडतात. ती नळी पुन्हा गुळगुळीत होत नाही, वरचा सगळा भागच बदलावा लागतो. हे ऐकून तो अधिक घाबरेल असे नातवाला वाटले होते. उलट तो शांत झाला. कशाची भीती बाळगायची हे एकदा कळले, की बाकीची भीती गळून पडत असावी.

ग्रीस कोणते घेतले ते सांगते. या चिमट्यांसाठी म्हणून मऊ ग्रीस करणाऱ्या दोन-तीन कंपन्या आहेत. एकीच्या डबीवर 'बटर' असे नाव, दुसरीच्या डबीवर 'हनी'. लोणी आणि मध! ज्याने ही नावे ठेवली त्याने बोट बुडवून पाहिले असले पाहिजे, कारण दोन्ही खरोखरच तशी आहेत. आम्ही लोणी घेतले. डबी लिंबाएवढी आणि भाव ऐकून मी एकदा डोळे मिटले. पण एका वेळी लागते ते बोटाच्या पेरावर मावेल इतकेच. त्या हिशेबाने ती वर्षानुवर्षे पुरेल. डबी मी ओट्यावर ठेवली होती. सूनबाईंनी विचारले, "आई, हे फ्रीजमध्ये ठेवायचं का?" आम्ही दोघी इतक्या हसलो की बाल्कनीतून नातू धावत आला.

लावण्यापूर्वी जुने लाल ग्रीस कणन् कण काढणे हे खरे काम. दोन ग्रीसांचे साबण एकमेकांशी जुळतीलच असे नसते. काही जोड्या एकत्र आल्या की दोन्हींची जाळी मोडते आणि सगळे पातळ होऊन वाहू लागते. रॉकेल किंवा पेट्रोल मी वापरू दिले नाही; औषधाच्या दुकानातल्या स्पिरिटाने, न फुसकणाऱ्या कापडाने पुसले. यांचे एक जुने मलमलचे धोतर कामी आले. सीले आणि स्पंज नवी घातली, स्पंज तेलात बुडवून. मग सीलच्या आतल्या दोन ओठांमधल्या खाचेत करंगळीने ग्रीस फिरवले. चकाकी दिसेल इतकेच.

नातवाचा हात मात्र राहवेना. "आजी, अजून थोडं?" हा आपल्याकडचा जुना रोग आहे. महाग आणलेले औषध थोडे जास्त घेतले की गुण लवकर येतो, असे आपण धरून चालतो. जास्तीचे ग्रीस ओठाबाहेर येते आणि धूळ धरते. आत उतरते ते स्पंज बुजवते. ज्या चिमट्यात हवेची स्प्रिंग असते, तिच्यात तर एका खोलीतून दुसऱ्या खोलीत हवा जाण्यासाठी एक बारीकशी खाच ठेवलेली असते. तीही जादा ग्रीसने बंद होते आणि चिमटा अकारण आखूड होऊन बसतो. मी डबीचे झाकण लावले आणि डबी पदराखाली घेतली. तीस वर्षांच्या नोकरीत मी एवढ्या अधिकाराने काही केल्याचे आठवत नाही.

मनगट बरे झाल्यावर डॉक्टरांनी परवानगी दिली. पहिल्या दिवशी नातू टेकडीवर गेलाच नाही. सोसायटीच्या आवारात जिथे फरशा उखडल्या आहेत, तिथून हळू हळू दहा वेळा गेला. माझा मुलगा बाल्कनीत उभा राहून पाहत होता. मग खाली उतरला, चिमट्यावर दोन्ही हातांनी भार देऊन पाहिला, सोडला, पुन्हा दिला. नळी अगदी लोण्यात सुरी जावी तशी आत गेली आणि वर आली. "बरं आहे," एवढेच तो म्हणाला. विकण्याचा विषय त्यानंतर निघालेला नाही. मिटला आहे असेही कुणी म्हटलेले नाही. टेकडीवर एकट्याने जायचे नाही आणि पाऊस पडून गेल्यावर दोन दिवस जायचे नाही, अशा दोन अटी सूनबाईंनी घातल्या आणि त्या पाळल्या जात आहेत.

चिमट्याच्या पुस्तकात लिहिले आहे की पन्नास तास चालवल्यावर खालचे पाय पुन्हा उघडून पुसावे, तेल बदलावे. नातू असला हिशेब ठेवणार नाही हे आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दुधाच्या खाड्यांच्या शेजारी आता एक नवी ओळ लागते, आणि अक्षर सूनबाईंचे आहे. काल संध्याकाळी मी पाहिले. दूध दोन दिवस अर्धा लिटर जादा, करंज्यांच्या खव्यासाठी. आणि खाली, साडेसहा तास झाले, राहिले साडेत्रेचाळीस.